मागून एक येतेय

सान आंसेल्मो, ॲरिझोना
मंगळवार, १९ नोव्हेंबर

प्रिय कोमाद्रे चेलो,

तुला आणि नोराला माझं खूप खूप प्रेम. तुझ्या मांजरालाही, जरी ते मला चावलं होतं. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच उरलंय, म्हणून ऐकून घेते. इथे सकाळी अंगणात जायला स्वेटर लागतो आणि न्याहारी होईपर्यंत तो काढून टाकावासा वाटतो. म्हणजे सायकलीचे दिवस सुरू झाले.

गावाची खबर थोडीच आहे. दोन्या एर्मिनिया ऑक्टोबरात गेली, झोपेतच. तिने स्वतःच निवडून ठेवलेल्या जांभळ्या झग्यात तिला पुरलं. त्या झग्यावर तू काय म्हणाली असतीस ते मला चर्चमध्ये बसल्या बसल्या ऐकू आलं आणि मी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. डिसेंबरच्या सणाच्या तमालेंसाठी आम्ही बायका परवा जमलो होतो. पीठ कोरडं झालं. तू नुसता हात घालून सांगितलं असतंस की चरबी कमी पडलीय. आम्ही सगळ्याजणी एकमेकींची तोंडं बघत बसलो. तुझ्या लिंबाला मी पाणी घालते. लिंबं धरलीत, पण तोडायला हात होत नाही.

आता माझं म्हणणं. आधीच्या पत्रांची उत्तरं आली नाहीत. तू मार्चमध्ये मला न सांगता टूसॉनला नोराकडे गेलीस. पडदे लावलेले बघून मला कळलं. फोन करते तर तो वाजत राहतो. तुझ्या लेकीच्या, नोराच्या बाप्तिस्म्याला तिची नीना, म्हणजे धर्ममाता, म्हणून मी तिला हातात धरलं, तेव्हापासून आपण एकमेकींना कोमाद्रे म्हणतोय, आणि एका गावात राहून आपण कधी दोन दिवस अबोला धरला नव्हता. रुसायचा हक्क माझा होता. तो मी जूनपर्यंत वापरून पाहिला. जमलं नाही. मला तुला भेटायचं आहे, चेलो. तू मला दारात उभी करशील की नाही, एवढंच मला विचारायचंय, आणि पत्राच्या शेवटी मी ते पुन्हा विचारणार आहे. त्याआधी शनिवारी काय झालं ते सांगते. सगळ्या गावात तुझं नाव झालंय, आणि ते तुला माझ्याआधी दुसऱ्या कोणी सांगू नये.

शनिवारी मी सायकल घेऊन ‘आंधळ्या खेचरा’वर, आपल्या त्या डोंगरवाटेवर गेले. एकटी. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

खाणीच्या जुन्या रस्त्याने चढले, खिंडीत थोडा दम खाल्ला आणि पलीकडून वाटेला लागले. त्या वाटेवर आता कोणी येत नाही. नव्या पोरांना शहराजवळच्या वाटा आवडतात, जिथली वळणंसुद्धा मापून केलेली असतात. आपली वाट खेचरांनी केली, आणि खेचरं गेल्यावर ती पावसाने आपल्या मनासारखी करून घेतली. पहिल्याच उतारावर माती वाहून गेलीय आणि दगडाच्या पायऱ्या गुडघ्याएवढ्या उघड्या पडल्यात. काटेरी झुडपं दोन्हीकडून इतकी आत आलीत की माझ्या बाह्यांच्या चिंध्या झाल्या. आपण रचलेल्या खुणेच्या दगडांच्या राशी गुरांनी पाडल्यात. खालच्या मोठ्या सावारो निवडुंगापाशी वाट कुठे वळते ते मला क्षणभर कळेना. मी, जी ती वाट झोपेत उतरले असते. उतरून रास पुन्हा रचली. तेवढ्यात चोया निवडुंगाचा एक गोळा पोटरीत रुतला. तो कंगव्याने उपटला आणि तू नव्हतीस म्हणून मला मीच शिवी दिली.

पण ऊन काय सुंदर होतं, चेलो. कोवळं, तिरपं. त्या उन्हात सावारोचे काटे पांढऱ्या केसांसारखे दिसतात. पावसानंतरचा तो वास अजून ओढ्याकाठच्या झुडपांत थोडा शिल्लक होता. मी अगदी सावकाश उतरत होते. ब्रेकवर दोन दोन बोटं, बूड सीटच्या मागे, नजर पुढच्या वळणावर. खाली दरीत नाही. तुझे नियम.

सिस्टर इमेल्डा शाळेत आपल्याला उंचीप्रमाणे रांगेत उभं करायची. मी पहिली, तू शेवटची, आणि शेवटचीने पुढची डोकी मोजायची. खाण बंद झाली, तुझा नवरा त्या केशभूषावालीबरोबर गेला, आणि गॅरेजात त्याची सायकल मागे राहिली, तेव्हा तू म्हणालीस की नवऱ्यापेक्षा ही जास्त चालेल. मीही एक जुनी सायकल घेतली. त्या दिवशी आपण निघालो तेही त्याच क्रमाने. मी पुढे, तू मागे. कोणी ठरवलं नव्हतं. तेव्हापासून तुझा मागचा ब्रेक करकरताना ऐकणं हे माझं काम, आणि माझं डोकं अजून जागेवर आहे का ते बघणं तुझं. उतार जितका वाईट तितकी तुझी बडबड जास्त. त्या बडबडीतून शेजारीण सुटायची नाही, नवरा सुटायचा नाही, बिशपही सुटायचे नाहीत. तू गप्प झालीस की मला कळायचं, सपाटी आली.

गेल्या हिवाळ्यात कड्याच्या अरुंद वाटेवर तू सायकलवरून उतरलीस आणि ती हाताने ढकलत आलीस. चेन अडकली म्हणालीस. मी चेन पाहिली नाही. ते असू दे.

तर त्याच कड्यावर मला समोरून एक जोडी भेटली. फिनिक्सची पोरं, सायकली ढकलत वर येत होती, लालबुंद झाली होती. चढणाऱ्याला वाट द्यायची, म्हणून मी खडकाला पाठ टेकून सायकल उभी धरली. मुलगी पुढे होती. जाता जाता तिने रिवाजाप्रमाणे विचारलं, तुमच्या मागे किती आहेत. अरुंद वाटेवर हे सांगायचंच असतं, नाहीतर वळणावर टक्कर व्हायची. तू आणि मी ते इतक्यांदा सांगितलंय की चर्चमध्ये आमेन म्हणावं तसं तोंडातून आपोआप येतं.

“मागून एक येतेय,” मी म्हणाले. “उंच आहे. उतारावर तिचं तोंड चालू असतं, आधी आवाज येईल. चेलो नाव तिचं. तिला भिंतीकडची बाजू द्या हं.”

मुलीने मान डोलावली. मी खाली निघाले. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, वाळूत, आपण नेहमी थांबतो तिथे थांबले, बाटली काढली, दोन घोट घेतले आणि बाटलीचा हात मागे केला.

हात तसाच राहिला. तेव्हा मला कळलं मी काय बोलून आले ते.

वर जाऊन सांगावं असं मनात आलं. पण तो चढ पुन्हा चढायचे पाय राहिले नव्हते. म्हटलं, पोरं खिंडीत पोचतील, कोणी भेटलं नाही म्हणून हसतील, म्हातारीला भ्रम झाला म्हणतील आणि विसरून जातील. घरी आले. बीन्स गरम केल्या, दोन तोर्तिया भाजल्या. जेवले आणि खुर्चीतच डोळा लागला.

दिवस मावळताना दार वाजलं. बेतो मुंगिया होता, बचाव पथकाचं नारिंगी जाकीट घालून. पहिल्या कम्युनियनच्या तयारीत तू ज्याला कान धरून पुढच्या बाकावर बसवायचीस, तोच. आता पथकाचा प्रमुख आहे आणि डोक्यावर केस उरले नाहीत. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

“मावशी, चेलो मावशी कुठेयत?”

“टूसॉनला. नोराकडे.”

“अजून तिथेच? मला वाटलं, परत आल्या.”

“मार्चपासून तिथेच.”

त्याने चौकट धरली. मग म्हणाला, “मग दुपारपासून डोंगरावर मी शोधतोय कोणाला?”

पोरांनी ऐकलं होतं, चेलो. अगदी शब्दाला शब्द ऐकलं होतं. कड्यावर जिथे वाट जराशी रुंद होते तिथे ती दोघं भिंतीची बाजू तुझ्यासाठी मोकळी सोडून तुझी वाट बघत उभी राहिली. बराच वेळ. मग तू दमली असशील म्हणून हळूहळू वर गेली. खिंडीपर्यंत कोणी भेटलं नाही, तेव्हा ती घाबरली आणि सायकली तिथेच टाकून पायी परत आली, हाका मारत, कड्याखाली वाकून बघत. अर्धा दिवस त्या घळीत तुझं नाव घुमत होतं. शेवटी मदतीच्या नंबरावर फोन लागला, तर पलीकडच्या बाईला वाटलं, चेलो नावाचं ते मोठं वाद्य दरीत पडलंय. त्यासाठी माणसं पाठवता येत नाहीत असं तिने सांगितलंही. बेतोने हे मला सांगितलं तेव्हा त्यालाही हसू आवरेना, आणि मला हसावं की जमिनीत जावं कळेना.

त्याने रेडिओ काढला. माझ्याकडे बघत त्यात बोलला, “मागची बाई सुखरूप आहे. डोंगरावर नाहीये. सगळे खाली या.”

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला की पथकातल्या पोरांना सराव झाला, तो कधीतरी करायचाच होता. मग स्वयंपाकघरात बसून माझ्या उरलेल्या बीन्स खाल्ल्यान आणि खाता खाता विचारलंन, मावशी बऱ्या आहेत ना, तुमचं काही बिनसलंय का. त्या अशा न सांगता गेल्या म्हणून गावात सगळ्यांना तसंच वाटतंय, म्हणाला. मी म्हटलं, आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर मिटवलं असतं. ती बरी आहे, असंही म्हटलं. आणि मला ते म्हणताना माझाच आवाज परका वाटला.

इथे थांबते. पुढचं उद्या सकाळी लिहीन.

बुधवार सकाळ

रविवारी मिस्सा झाल्यावर मी त्या पोरांना जेवायला बोलावलं. रात्री ती इथेच मोटेलात राहिली होती. मुलीचं नाव हॅडली, मुलाचं कोल्बी. मी मेनुदो केलं होतं. कोल्बीने दोन वाडगे खाल्ले आणि मग विचारलं की यात काय असतं. गाईच्या पोटाचे तुकडे, असं मी सांगितल्यावर त्याने चमचा खाली ठेवला, विचार केला, आणि पुन्हा उचलला. तुला आवडला असता.

हॅडलीचे दोन्ही गुडघे सोलवटले होते. कड्याखाली ती घसरत उतरली होती, तुझ्यासाठी. मी तिच्यापुढे हात जोडले, तर ती उलट मला विचारते की त्या खरंच आहेत ना. मी म्हटलं, आहे, माझ्यापेक्षा खरी आहे. तेव्हा तिला बरं वाटलं. म्हणाली, तुम्ही इतकं सांगितलंत की आम्हाला त्या दिसायलाच लागल्या होत्या, उंच, बोलत बोलत येणाऱ्या. कोल्बीला तर भीती वाटत होती की आपण उगाच थांबवलं म्हणून त्या रागावतील. तू रागावली असतीसच. बेतोचा निरोप यायच्या आधीच पथकाने त्यांना खाली पाठवलं, तेव्हा घळीत काळोख व्हायला लागला होता, तर त्यांनी आपली पाण्याची भरलेली बाटली कड्यावर, भिंतीच्या बाजूला ठेवली. आपल्या मागून तू आलीस आणि तहानलेली असलीस तर.

दोन अनोळखी पोरं, चेलो. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही.

आता जे मी टाळत होते ते लिहिते. शनिवारी बेतो गेल्यावर मी नोराला फोन केला. तुझ्या नाही, तिच्या कामाच्या फोनवर. त्या पोरीवर रागावू नकोस. ती आधी काहीच सांगेना. मी तिला डोंगरावरची सगळी हकीकत सांगितली, हाका, वाद्य, रेडिओ, सगळं. ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

“नीना, आईनं मला शपथ घातलीय,” ती म्हणाली. मग शपथ मोडलीन.

म्हणून मला माहीत आहे. उजवा हात कापतो तेही, पाय उंबऱ्यापाशी खिळतो तेही, आणि आजाराचं नावही. नाव मी इथे लिहीत नाही, ते तुला पाठ असेल. शेवटच्या हिवाळ्यात तो ब्रेक तुझ्या बोटांना दाबता येत नव्हता, हेही आता मला कळतंय. डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितलं आणि तू मार्चमध्ये पडदे लावून गेलीस. नोरा म्हणाली, तू तिला एवढंच सांगितलंस की ऑरेलियाने मला चमचा सांडताना बघायला नको.

आणि पत्रांचंही तिने सांगितलं. तू लिहायला बसतेस. पहिला शब्द नीट येतो, मग ओळ बारीक होत होत जाते आणि शेवटी मुंगीच्या पायाएवढी होते. मग तू कागद चुरगळतेस. नोराने लिहून देते म्हटलं तर नाही म्हणतेस, कारण ऑरेलियाला माझं अक्षर माहीत आहे. हो, मला माहीत आहे. सिस्टर इमेल्डा दर महिन्याला ज्याचा कागद भिंतीवर लावायची ते अक्षर. मी त्याच्या शेजारी बसून वर्षभर हेवा केला.

मी आठ महिने असं समजत होते की माझं काहीतरी चुकलं आणि तुला मी नकोशी झाले. रोज रात्री मी शेवटच्या वेळचं आपलं बोलणं पुन्हा तपासायचे, कुठल्या शब्दाने तू दुखावलीस ते शोधायचे. तू माझ्यापासून लपवत होतीस ते मला कळतं. लपायची तुझी जागा मात्र मला सापडली आहे, आणि मी तुला सोडून जाणार नाहीये.

माझ्याबद्दलही ऐक, म्हणजे फिट्टंफाट होईल. माझा डावा कान गेला आहे. फादर कबुलीजबाबात काय प्रायश्चित्त सांगतात ते मला ऐकू येत नाही, म्हणून मी अंदाजाने तीन आवे मारिया म्हणून मोकळी होते. जिन्यात मी आता उलटी, पाठमोरी उतरते, शिडी उतरावी तशी, आणि कोणी बघत नाही ना ते बघते. तू ते बघून हसशील म्हणून मला इतके दिवस भीती वाटत होती. आता वाटतं, तू हसावंस.

नोरा म्हणाली, डॉक्टरांनी पेडल मारायला सांगितलंय. चालताना जे पाय अडतात ते पेडलवर अडत नाहीत म्हणे. तिने तुला तीनचाकी आणून दिली आणि तू तिच्यावर टॉवेल वाळत घालतेस. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हणजे तू अजून तूच आहेस.

मी माझी सायकल गाडीत घालून आणीन. तुझ्या चर्चमागचं पार्किंग रविवारी दुपारी रिकामं असतं, मी नोराला विचारलं आहे. तिथे डांबर आहे, उतार नाही, सावली आहे. तू तीनचाकीवर पुढे हो आणि मला मागून येऊ दे. इतक्या वर्षांत मी तुझी पाठ कधी पाहिली नाही. बडबड करायची नसेल तर करू नकोस. टॉवेल काढायचे नसतील तर टॉवेलांसकट चल. आणि सायकलीचं नकोच असेल तर आपण स्वयंपाकघरात बसू. सूप सांडलं तर फरशी मी पुसेन, नाहीतर आपण दोघी ते वाळू देऊ.

मी रडायला येत नाही. मला तुझ्याकडे राहायचं आहे, आधी आठवडाभर, मग तू म्हणशील तितकं. नोराने हो म्हटलंय. पण ते घर नोराचं असलं तरी दार तुझं आहे, आणि तिच्या होकारावर मी तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. म्हणून पुन्हा विचारते. येऊ का?

या पत्राबरोबर एक पाकीट ठेवलंय. त्यावर माझा पत्ता लिहिलाय, तिकीटही लावलंय. त्यात काही लिहून घालू नकोस. एक अक्षरही नको. मी नको असेन तर ते पाकीट ठेवून घे. मी पुन्हा विचारणार नाही, नेहमीसारखी गावाची खबर कळवत राहीन. पण मी यावं असं वाटत असेल तर रिकामंच बंद कर आणि पेटीत टाक. चिकटवताना वाकडं झालं तर होऊ दे, ओलं झालं तरी होऊ दे. मला तुझं अक्षर नकोय, चेलो. ते पाकीट तुझ्या हातून आलंय एवढं मला पुरेल. मी ते उघडणारसुद्धा नाही. गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय.

देव तुला शांत झोप देवो.

टपालपेटीपाशी रोज उभी राहणारी,
तुझी कोमाद्रे
ऑरेलिया